शिल्लक नको, उलाढाल सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरबसल्या पाहण्याच्या चित्रपटांचं सदर येतं, ते मी नेमानं वाचते. गेल्या खेपेला त्यात पूर्व आशियातल्या तीन चित्रपटांची एकाच चौकटीत बोळवण केलेली दिसली. कोरियाचा 'इल्लांग', जपानचा 'अटॅक ऑन टायटन' आणि हाँगकाँगचा 'ब्लाइंड डिटेक्टिव्ह'. तिघांनाही अडीच तारे आणि तिघांनाही जवळपास एकच वाक्य: तांत्रिक बाजू भक्कम, पटकथा कमकुवत, एकदा पाहायला हरकत नाही. नावं झाकली तर कुठलं वाक्य कुठल्या चित्रपटाचं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्याकडे आहेच.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी खतावणीच्या टेबलावर. वर्षअखेरीला कधीकधी दोन खात्यांवर अगदी सारखी, किरकोळ शिल्लक दिसायची. एका खात्याकडे वर्षभर कुणी फिरकलेलंच नसायचं. दुसऱ्यात मोठमोठ्या रकमा आलेल्या, मोठमोठ्या गेलेल्या, आणि शेवटी उरलेलं तेवढंच. नुसती शिल्लक बघून 'दोन्ही सारखीच' म्हणणारा कारकून आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी आवक-जावक विभागात पाठवला असता. आपले अडीच तारे म्हणजे अशी शिल्लक आहे. मधल्या प्रतीच्या चित्रपटांत काही निष्क्रिय खाती असतात, ती पाहून आठवड्यानं नावसुद्धा आठवत नाही. पण काहींची उलाढाल एवढी दांडगी असते, की उत्तम म्हणून गौरवलेल्या चित्रपटालाही झेपणार नाही. वाचकाला त्यातला फरक कळायला नको का?

निवृत्तीनंतर नातीनं मला कोरियन मालिकांचा नाद लावला. ती मालिकांवरच राहिली, मी चित्रपटांवर आले, आणि सवयीनं वही घातली. डावीकडे जमा, म्हणजे आवडलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे खटकलेलं. नोंद करायची म्हणून मी चित्रपट मधेच थांबवते, त्यामुळे नात आता माझ्याबरोबर बसत नाही. 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाला २०१९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाली, तेव्हा सगळ्यांसारखा मीही तो पाहिला. डावं पान भरलं, उजवं कोरं राहिलं, वही मिटली. अशा चित्रपटांवर वहीत फार लिहायला उरत नाही. आता चौथी वही चालू आहे, ती जवळपास सगळी अडीच ताऱ्यांवाल्यांनी भरली आहे.

'अटॅक ऑन टायटन'पासून सुरुवात करते, कारण आपल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर केला. तिघांत सगळ्यात वाईट चित्रपटही तोच, हे आधीच कबूल करते. इसायामा हाजिमे यांच्या चित्रकथेवरून तो २०१५ मध्ये दोन भागांत आला, पहिला ऑगस्टमध्ये आणि दुसरा सप्टेंबरमध्ये. म्हणजे एका गोष्टीची दोन महिन्यांत दोन तिकिटं. ही नोंद मी नावे बाजूलाच केली. उंच भिंतींच्या आत कोंडून राहिलेली माणसं, बाहेर माणसं खाणारे नागडे राक्षस. पहिल्या भागात भिंत फुटते आणि ते आत शिरतात, तो प्रसंग मी तीनदा पाहिला. त्यातले बहुतेक राक्षस म्हणजे रंगभूषा केलेली खरी माणसं आहेत, वेगळी चित्रित करून प्रचंड आकारात दृश्यात बसवलेली. सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे अनेकांनी मिळून हलवलेली एक अजस्र बाहुली. पोटं सुटलेली, केस विस्कटलेले, तोंडावर बावळट हसू आणि मुठीत माणूस. संगणकात घडवलेल्या राक्षसाची आपल्याला भीती वाटते. यांना पाहून भीतीबरोबर संकोचही वाटतो, ओळखीच्या कुणाला तरी नको त्या अवस्थेत पाहिल्यासारखा.

आता उजवं पान. बालमैत्रीण मिकासा मेली असं समजणारा नायक एरेन दोन वर्षांनी तिला जिवंत पाहतो, तेव्हा तिच्या शेजारी शिकिशिमा नावाचा रुबाबदार सैनिक उभा असतो. हा गृहस्थ एरेनच्या डोळ्यांदेखत तिला सफरचंद भरवतो. गावंच्या गावं राक्षसांच्या पोटात चालली आहेत आणि यांचं सफरचंद! मूळ चित्रकथेत हा माणूसच नाही. वाचकांच्या लाडक्या लीवायला काढून त्याच्या जागी हा आणून बसवला. जपानमध्ये मोठे चित्रपट बहुधा 'निर्मिती समिती' काढते. दूरचित्रवाणी वाहिनी, प्रकाशक, जाहिरात संस्था, वितरक असे भागीदार थोडे थोडे पैसे घालतात. आम्ही एखादं मोठं कर्ज चार-पाच बँकांत वाटून द्यायचो, तसंच. बुडालं तरी कुणा एकाचं दिवाळं निघत नाही. पण सह्या इतक्या लागतात की धाडसाचं कलम पहिल्याच बैठकीत खोडलं जातं. प्रेमत्रिकोणाला मात्र कुणीच हरकत घेत नाही. राक्षस कसे करायचे यातलं समितीला काही कळत नसावं, म्हणून तिथे कारागीर मोकळे सुटले, असा माझा तर्क. सफरचंद आणि राक्षस दोन्ही एकाच व्यवस्थेतून आले, आणि परीक्षणात सांगण्यासारखं काही होतं तर ते हेच होतं.

दिग्दर्शक हिगुची शिंजी मूळचे कारागीरच. १९९५ ते १९९९ मधल्या गामेरा या महाकाय कासवाच्या तीन चित्रपटांचे दृश्यपरिणाम त्यांचे. आता पुढच्या वर्षीचं पान उघडा. २०१६ च्या जुलैमध्ये त्यांनी आन्नो हिदेआकी यांच्याबरोबर 'शिन गॉडझिला' केला. सफरचंद भरवणारे हासेगावा हिरोकी इथे नायक आहेत. इशिहारा सातोमी दोन्हीकडे आहेत, कुनिमुरा जुनही दोन्हीकडे आहेत. इथे प्रेमप्रकरण औषधालाही नाही. नुसत्या बैठका, फायली, लांबलचक पदनामं, आणि खिडकीबाहेर शहर तुडवणारं ते धूड. जपान अकादमीनं त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याला निवडलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बैठक हलवणारे ते अधिकारी पाहताना मला सारखं वाटत होतं, की ही मंडळी आदल्या वर्षीच्या समितीचा सूड उगवताहेत. पुरावा माझ्याकडे काही नाही. ऑफिसात काढलेल्या वर्षांच्या बळावर सांगते.

'ब्लाइंड डिटेक्टिव्ह' (२०१३) हा हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉनी तो यांचा. पोलीस खात्यातून बाहेर पडलेला एक आंधळा माणूस बक्षिसाच्या रकमेसाठी जुने, न सुटलेले खून सोडवतो. तो अँडी लाउ. त्याच्याकडे हे काम शिकायला येते ती पोलीसबाई सॅमी चेंग. तिला लहानपणी हरवलेली मैत्रीण शोधायची आहे. याला डोळे नाहीत म्हणून हा गुन्हा अंगानं करून बघतो. बळी कुठे उभा असेल, हात कसा उचलला असेल, पडताना कशाचा आधार शोधला असेल. मेलेली माणसं त्याच्या मनात जिवंत होऊन खोलीत शेजारी येऊन उभी राहतात. आंधळ्याला काय 'दिसतं' हे पडद्यावर दाखवायची एवढी साधी आणि अंगावर येणारी युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एवढं जमेला मांडेपर्यंत तिकडे खादाडीचे विनोद सुरू होतात, मग आरडाओरडा, मग टँगो नाच, मग प्रेमभंग झालेल्या बायकांना गाठणारा खुनी. हसायला उघडलेलं तोंड मिटायच्या आत समोर प्रेत. नात पंधराव्या मिनिटाला उठली. जाताना म्हणाली, "आजी, यांनी आधी ठरवायचं ना काय करायचंय ते!"

तिचं म्हणणं खोटं नाही. पण हाँगकाँगच्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या एका तिकिटात सगळं मिळायची सवय आहे. तिथे पुष्कळदा पटकथा चित्रीकरणाबरोबरच लिहिली जायची. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत बहुतेक चित्रपटांत आवाजसुद्धा नंतर भरत. घाईत शिजवलेल्या त्या कढईत सगळंच पडायचं. जॉनी तो यांची गोष्ट तर थेट आमच्या टेबलावरची वाटते. वाय का-फाय यांच्याबरोबर त्यांनी १९९६ मध्ये मिल्कीवे इमेज ही संस्था काढली. सुरुवातीचे काळेकुट्ट गुन्हेपट कौतुकाचे धनी झाले, गल्ल्याचे झाले नाहीत. मग २००० मध्ये याच अँडी लाउ आणि सॅमी चेंगला घेऊन त्यांनी 'नीडिंग यू' ही ऑफिसातली प्रेमकथा काढली आणि ती तुफान चालली. पुढच्या वर्षी याच दोघांना जाडजूड माणसांचे पोशाख चढवून 'लव्ह ऑन अ डाएट' काढला. असल्या कमाईच्या आधारावर हौसेचे चित्रपट निघत राहिले. २००३ मधला 'पीटीयू' त्यांपैकीच: एका पोलिसाचं पिस्तूल हरवतं आणि एका रात्रीत सगळं घडतं. प्रत्यक्षात ती एक रात्र दुसऱ्या कामांच्या फटींतून सवड काढत काही वर्षं चित्रित होत होती. म्हणजे धंद्याचं खातं वेगळं आणि हौसेचं वेगळं, असा चोख कारभार. 'ब्लाइंड डिटेक्टिव्ह'मध्ये एवढंच झालं, की दोन्ही खाती एकाच पानावर लिहिली गेली. बेरीज चुकली हे खरं. पण त्या पानावरचे आकडे लहान नाहीत.

आपल्या चौकटीत नसलेल्या, पण माझ्या वहीत असलेल्या, चीनच्या चेन काइगे यांच्या 'द प्रॉमिस'ची (२००५) नोंद थोडक्यात करते. १९९३ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळवलेला हा दिग्दर्शक. यात एक गुलाम वाऱ्याच्या वेगानं धावतो आणि त्याच्या हातातल्या दोरीला बांधलेली, पांढऱ्या पिसांच्या वस्त्रातली सुंदर स्त्री पतंगासारखी आकाशात चढते. हे जमा. खलनायकाच्या साऱ्या दुष्टपणाचं मूळ काय, तर लहानपणी एका मुलीनं त्याला फसवून त्याचा वाफवलेला पाव पळवला. हे नावे. हु ग नावाच्या तरुणानं त्या पावावरून, टीव्हीवरच्या गुन्हेवृत्ताच्या थाटात, वीस मिनिटांचं विडंबन केलं आणि ते चीनभर पसरलं. चेन खटल्याची भाषा बोलू लागले, त्यानं हसू आणखीच वाढलं. मला पाव विसरता येत नाही आणि पतंगही विसरता येत नाही.

तैवानच्या 'केप नंबर ७'बद्दल (२००८) मात्र आपल्या पुरवणीत कधीच काही आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिग्दर्शक वेइ ते-शेंग यांना खरं म्हणजे वेगळाच चित्रपट करायचा होता, जपानी राजवटीविरुद्ध १९३० मध्ये उठलेल्या सीडिक आदिवासींचा. पदरच्या पैशांनी पाच मिनिटांचा नमुना काढून दाखवला, तरी कुणी थैलीचं तोंड उघडलं नाही. मग आधी हा लहान चित्रपट, तोही कर्ज काढून. खर्च सुमारे ५ कोटी तैवानी डॉलर. कमाई झाली सुमारे ५३ कोटी, तोवरच्या तैवानी चित्रपटांतला विक्रम. त्या जोरावर २०११ मध्ये सीडिकांचा चित्रपटही पूर्ण झाला. गोष्ट हेंगचुन या समुद्रकाठच्या गावची. तैपेईत गायक म्हणून डाळ न शिजलेला आगा गावी परत येतो आणि पाय दुखावलेल्या म्हाताऱ्या पोस्टमनच्या जागी पत्रं वाटू लागतो. टपालात एक पुडकं सापडतं. १९४५ मध्ये तैवान सोडून मायदेशी निघालेल्या एका जपानी शिक्षकानं बोटीवर बसून आपल्या तैवानी प्रेयसीला लिहिलेली सात पत्रं. पाकिटावरचा पत्ता आता अस्तित्वात नाही.

एवढं छान बी. आणि रोप कसलं उगवतं, तर आगा आणि एक जपानी तरुणी अर्धा चित्रपट एकमेकांवर खेकसतात नि एका रात्रीत प्रेमात पडतात. मला ते पटलं नाही, आणि ज्यांना पटलं त्यांनाही का पटलं ते सांगता आलेलं नाही. पण या दोघांना दिग्दर्शकानं सैल सोडलं, म्हणूनच बाजूच्या माणसांना अंग पसरायला जागा मिळाली. गावातल्याच लोकांचा वाद्यवृंद जमवायचा असतो, त्यात राळ्याच्या दारूचा एक विक्रेता आहे, त्याचं विक्रीचं पालुपद मी अजून गुणगुणते. आणि तो म्हातारा पोस्टमन माओ. चंद्राच्या आकाराचं तंतुवाद्य वाजवणारा, स्वतःला राष्ट्राचा ठेवा म्हणवून घेणारा. वाद्यवृंदात त्याच्या गळ्यात बास गिटार अडकवतात. ती धरायची कशी, यात त्या म्हाताऱ्याचा जो जीव जातो, त्यापुढे सातही प्रेमपत्रं फिकी. प्रेमकथा घट्ट बांधली असती तर हा म्हातारा बहुधा कात्रीत गेला असता.

'इल्लांग'बद्दल (२०१८) आपल्या परीक्षकांशी मी बरीचशी सहमत आहे. ओशी मामोरू यांनी लिहिलेल्या जपानी ॲनिमेशनपटातलं कथानक उचलून किम जी-वून यांनी ते २०२९ च्या, एकीकरणाच्या उंबरठ्यावरच्या दोन कोरियांत नेलं. चिलखतातले सैनिक आणि भुयारी गटारातली ती स्फोटकं घेऊन उभी असलेली पोरगी, एवढं मनात राहतं. बाकी दोन सरकारी विभागांचं राजकारण पात्रं एकमेकांना तोंडानं समजावून सांगत बसतात. आणि गांग दोंग-वॉनसारख्या देखण्या नटाला घेऊन अर्धा वेळ त्याच्या तोंडावर मुखवटा चढवायचा, हा खर्च मला मंजूर नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. आपल्या चौकटीत 'श्री. वून यांचे दिग्दर्शन' असं छापलं आहे. मागे एकदा 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो यांचं नाव 'श्री. हो' असंही छापून आलं होतं. कोरियन, चिनी आणि जपानी नावांत आडनाव आधी येतं. ते श्री. किम, आणि ते श्री. बोंग. इंग्रजी बातम्यांत जपानी नावं पुष्कळदा उलटवलेली असतात आणि कोरियन बहुधा तशीच ठेवलेली, त्यामुळे घोटाळा होतो हे समजू शकते. पण खातेदाराचं नाव चुकवणं आमच्याकडे मोठी चूक समजली जायची.

माझी मागणी फार नाही. चौकट तेवढीच राहू द्या. ताऱ्यांच्या जागी दोन ओळी द्या: कुठली वीस मिनिटं चुकवू नयेत आणि कुठे उठून पाणी प्यायला हरकत नाही. जमलं तर तिसरी, दोन्ही एकाच चित्रपटात कशी आली त्याची.

आता माझी स्वतःची एक अडचण, ती आपल्या परीक्षकांपुढे ठेवते. 'मिरॅकल इन सेल नंबर ७' हा कोरियन चित्रपट २०१३ मध्ये आला. तिकडे यश पैशांपेक्षा विकलेल्या तिकिटांवर मोजतात. जेमतेम ५ कोटी वस्तीच्या देशात याची सुमारे १ कोटी २८ लाख तिकिटं खपली. बुद्धीनं लहान मूल राहिलेला एक बाप न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जातो आणि कोठडीतले सोबती त्याच्या लहानग्या मुलीला चोरून आत आणतात. पहिला भाग हसवतो, दुसरा रडवतो. कोरियन प्रेक्षक स्वतःच या प्रकाराला नाक मुरडून 'शिनपा' म्हणतात. शब्द मूळचा जपानी रंगभूमीवरचा, तिथून कोरियात गेला आणि आता पिळून काढलेल्या अश्रूंना चिकटला. माझं उजवं पान गच्च भरलं होतं. तपास असा होत नाही, खटला असा चालत नाही, तुरुंगात मूल असं लपत नाही. आणि वर तुरुंगाच्या आवारातून गरम हवेचा फुगा! डावीकडे रयु सुंग-र्योंग यांचा अभिनय आणि कोठडीतले पाच बिलंदर, एवढंच.

पण त्यात एक पिवळं दप्तर आहे, सेलर मून या जपानी कार्टून नायिकेचं चित्र असलेलं. सुरुवातीला बापलेक दुकानाच्या काचेपलीकडून ते बघत असतात. पुढे ते दप्तर पुन्हा दिसलं आणि मी रडले. उजव्या पानावरची शाई वाळली नव्हती, मला कुठे, कशासाठी पिळलं जातंय ते मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि तरी रडले. ते जमेला धरावं तर शिनपाला बक्षीस दिल्यासारखं होतं. नावे टाकावं तर नोंद खोटी होते. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकायचो आणि तिचा लवकरात लवकर निकाल लावायचा, असा दंडक होता. चार वर्षं झाली, माझी ती नोंद उचंतमध्येच पडून आहे. नातीला सांगितलेलं नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी